रोगांच्या नावांची कुळकथा

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी पातूर हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'पातूर शेख बाबू' असा आढळतो. गावाच्या एका अंगास काळी कसदार जमीन, तर दुसऱ्या अंगास घाट आणि रान, अशी येथील भूमीची ठेवण आहे. त्यामुळे कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा येथील शेतकरी बहुधा ढोरे आणि शेळ्याही बाळगून असतो. ढोर आजारी पडले म्हणजे तो पशुवैद्यकीय दवाखान्याकडे येतो, तो रोगाचे नाव तोंडात घेऊनच. "बैलाले फऱ्या झाला," "म्हशीले घटसर्प झाला," असे तो सांगतो. दवाखान्याच्या नोंदवहीत त्याच रोगाचे नाव इंग्रजीत उतरते; लसीच्या बाटलीवर ते लॅटिनमध्ये छापलेले असते. एका रोगाची ही तीन नावे एकमेकांस ओळखत नाहीत, आणि मधल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यास मात्र तिघांशीही बोलावे लागते.

ही नावे कोठून आली, त्यांत कोणता अर्थ दडला आहे, हे पाहणे केवळ मनोरंजनाचे काम नव्हे. कित्येक नावे रोगाचे खरे लक्षण सांगतात व शेतकऱ्याच्या उपयोगी पडतात. काही नावे मात्र फसवी आहेत. त्यांच्यावर विसंबून माणसाने जीव गमावावा, इतकी फसवी.

प्रथम चांगल्या नावांकडे वळू. फऱ्या हे त्यांतील उत्तम नाव होय. फरा म्हणजे जनावराच्या खांद्याचा किंवा मांडीचा मांसल भाग. या रोगात नेमका तोच भाग सुजतो, जनावर एका पायाने लंगडते, आणि सुजेवर बोट दाबले असता आत हवा असल्याप्रमाणे चरचर असा आवाज येतो. जनावर एका पायावर लंगडते म्हणूनच 'एकटांग्या' हे दुसरे नावही पडले आहे. इंग्रज पशुवैद्यांनी याला 'ब्लॅक क्वार्टर' म्हटले. त्यांतील 'क्वार्टर' म्हणजे जनावराचा फराच, आणि तेथील मांस काळे पडते म्हणून 'ब्लॅक'. दोन दूरच्या देशांतील गुराख्यांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकाच रीतीने तिला नाव दिले. या रोगाच्या जंतूचे शास्त्रीय नाव 'क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय' असे आहे. त्यातील उत्तरार्ध शोव्हो या फ्रेंच पशुवैद्याच्या नावावरून घेतला आहे. पूर्वार्ध ग्रीक 'क्लोस्टर' या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ सूत कातण्याची चाती असा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू मध्ये फुगीर व टोकांकडे निमुळता, चातीसारखा दिसतो. वऱ्हाडासारख्या कापसाच्या मुलखात ही उपमा कोणास समजावून सांगण्याची गरज नाही.

फऱ्या विशेषकरून सहा महिने ते सुमारे तीन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या तरुण जनावरांस होतो. जंतूची बीजे मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणूनच "एवढा तगडा गोऱ्हा रात्रीतून कसा गेला?" या प्रश्नास दृष्ट लागणे हे उत्तर नसून, पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावयाची लस राहिली, हे आहे.

दगडी हे नावही असेच बोलके आहे. गाईची किंवा म्हशीची कास सुजून दगडासारखी कठीण होते. हात लावताच कळावे असे हे नाव आहे. शास्त्रात याला 'मॅस्टायटिस' म्हणतात. ग्रीक 'मास्तोस' म्हणजे स्तन, आणि पुढील प्रत्यय दाह दाखवितो. मराठी पाठ्यपुस्तकांतील स्तनदाह किंवा कासदाह हा त्याचा शब्दशः प्रतिरूप आहे. तथापि कास दगड होईपर्यंत वाट पाहणे हा या लोकनावाचा तोटा मानावा लागेल. दुधात गुठळ्या येणे, दूध पाणचट होणे, ही पहिली लक्षणे त्या नावात येत नाहीत, आणि उपचार तर तेव्हाच सुरू व्हावयास हवा.

तिवा या तापाची गंमत निराळी आहे. शास्त्रीय नाव 'एफिमेरल फीवर'; ग्रीक अर्थ पाहिला तर एका दिवसाचा ताप. आपल्याकडील शेतकऱ्याने तो तीन दिवस टिकतो हे पाहिले आणि त्याप्रमाणे त्याचे नाव ठेवले. येथे शेतकऱ्याचे निरीक्षण ग्रीकांपेक्षा सरस ठरते.

आता फसव्या नावांकडे येऊ. त्यांत अग्रस्थान घटसर्पास द्यावे लागेल. कारण हे एकच नाव दोन सर्वस्वी भिन्न रोगांस लावले जाते. आरोग्यसेविका लहान मुलास 'घटसर्पाची लस' देते. पशुवैद्य म्हशीस 'घटसर्पाची लस' टोचतो. साहजिकच पुष्कळांची अशी समजूत होते की रोग एकच, आणि गोठ्यातील म्हशीपासून तो घरातील मुलास लागतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. ग्रीक भाषेत 'दिफ्थेरा' म्हणजे कातडे. या रोगात मुलाच्या घशात कातड्यासारखा चिवट करडा पापुद्रा धरतो, म्हणून हे नाव. जनावरांचा घटसर्प निराळ्या जंतूमुळे होतो. त्या जंतूचे नाव 'पाश्चुरेल्ला मल्टोसिडा'. त्यात लुई पाश्चर यांचे स्मरण आहे, आणि 'मल्टोसिडा' या लॅटिन पदाचा अर्थ 'अनेकांस मारणारा' असा आहे. म्हशींचे कळप पावसाळ्याच्या तोंडाशी एकामागून एक मरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा अर्थ अतिशयोक्तीचा वाटणार नाही. दोन्ही रोगांत गळ्याशी सूज येते व श्वास घुसमटतो. एवढ्या साम्यावरून लोकांनी एकच नाव दिले. मुलास जनावराची लस चालत नाही आणि जनावरास मुलाची नाही. कार्यकर्त्याने बोलताना 'ढोरांचा घटसर्प' आणि 'मुलांचा घटसर्प' असा स्पष्ट भेद करावा, हेच इष्ट.

या नावातील 'सर्प' या पदाविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. संस्कृतात 'सृप्' धातूचा अर्थ सरपटणे. जुन्या वैद्यकात अंगावर पसरत जाणाऱ्या सुजेस 'विसर्प' म्हणत. ग्रीक भाषेत सरपटण्यास 'हर्पेइन' म्हणतात, आणि त्यावरून कातडीवर पसरणाऱ्या फोडांच्या रोगास 'हर्पीस' हे नाव मिळाले. सृप् आणि हर्पेइन हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळातून निघाले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. नागिणीच्या रोगास आपल्या आजीबाईंनी नागीण म्हणावे आणि डॉक्टरांनी 'हर्पीस झोस्टर' म्हणावे, यांत दोघांच्याही मनात सरपटणारा जीवच आहे.

यापेक्षाही घातक असे नाव काळपुळी हे होय. या रोगाचे शास्त्रीय नाव 'अँथ्रॅक्स'. ग्रीक भाषेत अँथ्रॅक्स म्हणजे कोळसा. माणसाच्या हातावर किंवा मानेवर या रोगाची पुळी उठते. ती दुखत नाही, पण तिच्या मध्यभागी कोळशासारखी काळी खपली धरते. मराठी काळपुळी आणि ग्रीक कोळसा यांनी एकच खूण पकडली आहे. मग फसवणूक कोठे आहे? ती अशी की, ही खूण माणसाची आहे, जनावराची नव्हे. बैल किंवा गाय या रोगाने मरते तेव्हा अंगावर काळी पुळी बहुधा दिसत नाहीच. सायंकाळी धडधाकट असलेले जनावर सकाळी मरून पडलेले आढळते. नाकातोंडातून व गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त वाहते. पोट लवकर फुगते. शरीर नेहमीसारखे ताठरत नाही. शेतकरी पुळी शोधतो, ती सापडत नाही, म्हणून तो साप चावला असा निष्कर्ष काढतो. कातडी सोडविणारा माणूस येतो, चामडे काढतो, आणि काळी पुळी काही दिवसांनी त्याच्याच हातावर उठते. वेळीच औषध न मिळाल्यास तो दगावू शकतो.

या जंतूचे संपूर्ण जीवनचक्र जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी दाखविले की हा जंतू टिकाऊ बीजाणू बनवितो. शव उघडले की आतील जंतूंस हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ती जमीन कित्येक वर्षे दूषित होऊन राहते. म्हणून अशा संशयित जनावराचे शव चिरू नये, कातडे काढू नये, मांस कोणासही खाऊ देऊ नये. पशुवैद्यास कळवावे आणि त्याच्या देखरेखीखाली शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. एका चामड्यापायी सबंध शिवार विषारी करणे हा व्यवहार कोणासच परवडणारा नाही.

तिसरे फसवे नाव जलसंत्रास. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगास लॅटिनमध्ये 'रेबीज' म्हणतात, म्हणजे उन्माद किंवा संताप. आपला 'पिसाळणे' हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. परंतु ग्रीकांनी त्याला पाण्याचे भय असे नाव दिले आणि जलसंत्रास हे त्याचेच मराठी रूप. पाण्याचे भय हे लक्षण रोगी माणसात दिसते. पाणी गिळू जाता घशाचे स्नायू आवळतात म्हणून तो पाण्यास भितो. पिसाळलेला कुत्रा मात्र पाण्याजवळ जाऊ शकतो, पाण्यात तोंडही घालतो. "कुत्रा पाणी पीत होता, म्हणजे पिसाळलेला नव्हता," असे म्हणून कित्येक जण चावा अंगावर काढतात. हे अज्ञान नव्हे, एका नावाने दिलेली चुकीची शिकवण आहे. गाय-म्हैस पिसाळली म्हणजे तर आणखी धोका असतो. तिच्या तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही; मालकास वाटते की घशात काहीतरी अडकले, आणि तो उघड्या हाताने तोंडात चाचपून पाहतो. असे करू नये. चावा घेतलेल्या जागी साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावे आणि तडक आरोग्य केंद्र गाठावे. पोटात चौदा सुया घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. आता लस दंडात दिली जाते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र या रोगास उपाय नाही.

लस या शब्दाचीच कथा सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. जखमेतून अथवा पुळीतून जे पातळ चिकट पाणी पाझरते, त्याला मराठीत लस म्हणतात. इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या फोडातील लस माणसास टोचून देवीच्या रोगापासून संरक्षण मिळते हे दाखविले. लॅटिनमध्ये गाईस 'वाक्का' म्हणतात; त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द बनला. मुंबईस ही लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने, एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या मुलाच्या दंडात, अशी पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी तेथे अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली देवीची लस. तेव्हा लस हा शब्द अक्षरशः खरा होता. पुढे १८८१ मध्ये पाश्चर यांनी सुचविले की, जेन्नर यांच्या सन्मानार्थ सर्वच रोगांच्या अशा द्रव्यांस व्हॅक्सिन म्हणावे. आजच्या बाटलीत फोडाचे पाणी नसते, पण शब्द तोच राहिला. आणि "आमच्या ढोरात घाण टोचता" ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार त्या जुन्या अर्थातून आलेली आहे, हे कार्यकर्त्याने समजून घ्यावे व रागावू नये. लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडे घटू शकते, हेही लपवून ठेवू नये. लपविले की पुढच्या वर्षी दार बंद होते.

नावाच्या अर्थाचा उपयोग कसा होतो, याचा प्रत्यय २०२२ साली आला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला आणि अकोला जिल्ह्यातील गोधनासही त्याची मोठी झळ बसली. इंग्रजीत 'लम्प' म्हणजे गाठ. अंगावर गाठी येतात म्हणून लम्पी. शासनाने गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यास प्रारंभ केला, तेव्हा "शेळीची लस गाईले कशी चालते?" हा प्रश्न गोठ्यागोठ्यांत विचारला गेला. उत्तर रोगाच्या कुळनावात होते. लम्पीचा विषाणू 'कॅप्रिपॉक्स' कुळातील आहे. लॅटिनमध्ये 'काप्रा' म्हणजे शेळी. शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि गाईंचा लम्पी हे तिघे एकाच कुळातील भाऊबंद. गाईच्या फोडाने माणसास वाचविले, तशी शेळीच्या लसीने गाय वाचली.

विषाणू आणि जीवाणू या दोन शब्दांतील भेदही खिशास भारी पडणारा आहे. लॅटिन 'व्हायरस' म्हणजे विष, त्यावरून विषाणू. 'बॅक्टेरिया' म्हणजे ग्रीक भाषेत लहान काठी. त्यांना मराठीत जीवाणू म्हटले. लाळ्या खुरकुत हा विषाणूचा रोग. तोंडातून लाळ आणि खुरांत जखम, ही दोन्ही लक्षणे या जोडनावात आहेत. लोफ्लर व फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये प्राण्यांचा जो पहिला विषाणू ओळखला, तो याच रोगाचा. प्रतिजैविक औषधे जीवाणूंना मारतात, विषाणूंना नाही. खुरकुतात ती दिली जातात ती जखमेत शिरणाऱ्या दुसऱ्या जंतूंसाठी. रोग टाळण्याचा मार्ग म्हणजे वर्षातून दोनदा लस.

बुळकांडी हे नाव आजच्या तरुण शेतकऱ्याने कदाचित ऐकलेही नसेल. पातळ, वेगाने होणाऱ्या जुलाबाची कल्पना त्या शब्दात आहे. जर्मन लोक याला 'रिंडरपेस्ट', म्हणजे ढोरांची प्लेग, म्हणत. गावेच्या गावे नांगरावाचून बसविणारा हा रोग. त्याच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुणे येथे प्रयोगशाळा स्थापन झाली व १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली. १९५४ साली देशव्यापी निर्मूलन योजना सुरू झाली. भारतात १९९५ मध्ये शेवटचा रोगी आढळला. आणि २०११ साली सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. शब्दकोशात नाव उरावे आणि गोठ्यात रोग उरू नये, याहून चांगली गती कोणत्या शब्दास मिळणार?

मराठीने केवळ शब्द घेतले असे मात्र नाही. घोडे, उंट व ढोरे यांना होणाऱ्या एका रोगास जगभरच्या पुस्तकांत 'सर्रा' म्हणतात. इंग्रजी कोशांच्या मते हा शब्द मराठी 'सूर' पासून निघाला. नाकपुड्यांतून निघणाऱ्या श्वासाचा आवाज, असा तेथे त्याचा अर्थ दिला आहे. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे या रोगाचा परजीवी रक्तात पाहिला. त्याला 'ट्रिपॅनोसोमा' म्हणतात. ग्रीक अर्थ गिरमिटासारखे शरीर. रक्तात तो गिरमिट फिरावे तसा वळवळतो. त्यास इव्हान्सचे नाव देणारे जे. एच. स्टील हेच १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत. भुईमुगाच्या पानांवरील ठिपक्यांचा टिक्का हाही आपल्या देशातील शब्द इंग्रजी ग्रंथांत जसाच्या तसा गेला आहे.

पिकांच्या रोगांची नावे बहुधा रंगावरून पडली आहेत, आणि तेथेच घोटाळा होतो. कपाशीच्या पानांवर दही शिंपडल्यासारखे पांढरट ठिपके पडले की दहिया. ती बुरशी आहे, तिला बुरशीनाशक चालते. पाने लाल झाली की लाल्या; परंतु लाल्या हा जंतूचा रोगच नव्हे. नत्र व मॅग्नेशियम यांची उणीव, पाण्याचा ताण, थंडी अशा कारणांनी येणारी ती विकृती आहे. तिच्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे भुकेल्या माणसास खोकल्याचे औषध पाजणे. केवडा हे नाव तर ज्वारीच्या बुरशीजन्य रोगासही आहे आणि भेंडी-मुगाच्या पिवळ्या विषाणूरोगासही. पहिल्यावर बुरशीनाशक लागू पडते. दुसऱ्यात ते वाया जाते, कारण तो पांढरी माशी पसरविते आणि उपाय माशीवर करावा लागतो. तुरीच्या मर रोगाची बुरशी 'फ्युजेरियम'. लॅटिन 'फुसुस' म्हणजे पुन्हा चातीच. फऱ्याचा जंतू ग्रीक चाती, मरीची बुरशी लॅटिन चाती!

शासकीय मराठी परिभाषेविषयी एक गोष्ट येथे नमूद करावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता व राजधानी नागपूर होती, डॉ. रघुवीर यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषेचे काम त्या काळी नागपुरासच चालले होते. पुढे महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले व परिभाषा कोश निघू लागले. त्यामुळे आंत्रविषार, सांसर्गिक गर्भपात असे नेटके शब्द मिळाले. त्यांतील सांसर्गिक गर्भपात हा शब्द तर मूळ 'ब्रुसेलोसिस'पेक्षा चांगला आहे. डेव्हिड ब्रूस यांचे नाव शेतकऱ्यास काही सांगत नाही. 'सांसर्गिक' हा शब्द मात्र सांगतो की गाभडलेल्या गाईचा झार उघड्या हाताने उचलू नये, कारण तो रोग माणसासही लागतो.

पातूरसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्याने एक वही ठेवावी. डाव्या बाजूस गावात चालणारे नाव, मध्ये शेतकऱ्याने सांगितलेली लक्षणे, उजव्या बाजूस पशुवैद्याने सांगितलेले नाव. घाटावरच्या गावात एक नाव आणि खालच्या गावात दुसरे असेल, तर दोन्ही लिहावीत. २००९ च्या कायद्यानुसार जनावरांतील अनुसूचित सांसर्गिक रोगाचा संशय येताच कळविणे मालकावर बंधनकारक आहे. त्या वेळी नाव चुकले तरी चालेल, पण गळ्याशी सूज की फऱ्यात, रक्त गोठले की वाहते राहिले, हे अचूक सांगता आले पाहिजे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.